स्कायरिमची आयएनआय फाइल हाताने बदलताना: काय परत आणता येतं आणि काय नाही

प्रश्न असा आहे: स्कायरिम स्पेशल एडिशन या संगणकावरच्या गेममध्ये लांबचे डोंगर, झाडं, इमारती जास्त स्पष्ट दिसाव्यात म्हणून एका व्हिडिओत आयएनआय फाइलमधले (म्हणजे गेमच्या सेटिंगच्या साध्या मजकूर फाइलमधले) आकडे हाताने बदलायला सांगितले आहेत. त्यात यूग्रिड्सटूलोड (भोवतीचं किती जग लोड करायचं तो आकडा) ५ वरून ९ करा, पॅपिरसची, म्हणजे गेमच्या स्क्रिप्टची, मेमरी वाढवा आणि मॉनिटरच्या वेगाशी चित्रं जुळवणारं व्हीसिंक बंद करा अशा तीन गोष्टी आहेत. यात धोका किती, आणि बिघडलंच तर मागे जाता येतं का?

आधी सरळ उत्तर. या फाइलमधल्या बहुतेक ओळींसाठी मागे जाता येतं. जुनी फाइल परत जागेवर ठेवली की विषय संपला. पण व्हिडिओतल्या तिन्ही सूचना नेमक्या त्या थोड्या ओळींपैकी आहेत जिथे एवढ्यावर भागत नाही. पहिली तर अजिबात करू नका. कारण पुढे सविस्तर देतो, म्हणजे असे बदल सुचवणाऱ्या दुसऱ्या कुठल्या यादीतली ओळ समोर आली तरी ती तुम्हाला स्वतः पारखता येईल.

लिहिण्याबद्दल एक सूचना. सेटिंगची नावं इथे देवनागरीत आहेत, फाइलमध्ये ती रोमन लिपीत आहेत. इथे जोडून लिहिलेलं नाव तिथेही जोडूनच आहे आणि इथे मोकळी जागा असेल तर तिथेही आहे. आकडे मात्र फाइलमध्ये इंग्रजीच हवेत.

गेम सुरू होताना आयएनआय फाइल वाचतो आणि त्यातले आकडे मेमरीत घेतो. सेव्ह फाइलमध्ये जगाची स्थिती असते: कोण कुठे उभं आहे, कुठलं क्वेस्ट (कामगिरी) कुठल्या टप्प्यावर आहे, कुठली स्क्रिप्ट (प्रसंग चालवणारा छोटा प्रोग्राम) अर्ध्यावर चालू आहे. सावलीची स्पष्टता, खिडकीचा आकार, माउसचा वेग हे सेव्हमध्ये जात नाही. म्हणून असे आकडे कितीही चुकले तरी नुकसान तेवढ्यापुरतंच राहतं. फार तर गेम उघडत नाही किंवा रखडत चालतो. खरी भीती त्या आकड्यांची आहे जे जग पुढे कसं सरकतं ते बदलतात. त्यांचा परिणाम सेव्हमध्ये उतरतो, आणि मग जुनी आयएनआय परत आणली तरी सेव्ह जुना होत नाही. गेम उघडला नाही तर तुम्ही लगेच सावध होता. गेम छान चालतोय असं वाटत असताना वीस तासांचे सेव्ह खराब होत जातात, तो प्रकार वाईट.

यूग्रिड्सटूलोड हे त्याचं सर्वांत ठळक उदाहरण. स्कायरिमचं बाहेरचं जग चौकोनी सेलमध्ये कापलेलं आहे. एका सेलची बाजू ४०९६ युनिट, म्हणजे गेमच्या मापाने साधारण ५८ मीटर. तुम्ही ज्या सेलमध्ये उभे असता तो मध्यभागी धरून भोवतीचं ५ गुणिले ५ असं २५ सेलचं जाळं गेम पूर्ण लोड करतो. 'पूर्ण' हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. त्या २५ सेलमधली माणसं चालतात, लांडगे शिकार करतात, स्क्रिप्ट जाग्या होतात, वस्तूंना भौतिकशास्त्र लागू होतं. त्या पलीकडे जे दिसतं ते लांबून बघायला केलेलं हलकं मॉडेल. त्यात जीव नाही.

आकडा ७ केला की सेल ४९ होतात, ९ केला की ८१ आणि ११ केला की १२१. आकडा विषमच लागतो, कारण तुमचा सेल बरोबर मध्ये यायला हवा. आता ९ केल्यावर काय होतं बघा. चार सेल पुढे, म्हणजे दोनशे मीटरहून लांब, रस्त्यात दबा धरून बसलेल्या लुटारूंचा एखादा प्रसंग आहे. तुम्ही जवळ पोचल्यावर तो सुरू व्हावा असं गेम बनवणाऱ्यांनी ठरवलंय, आणि जवळ म्हणजे किती याचा हिशोब ५ च्या जाळ्यावर केलाय. तुम्ही टेकडीच्या अलीकडे असतानाच तो सेल जागा होतो. लुटारू आणि प्रवासी एकमेकांवर तुटून पडतात, बोलणं होऊन जातं, आणि तुम्ही पोचता तेव्हा रस्त्यावर प्रेतं पडलेली. मेलेल्यांत पुढच्या क्वेस्टला लागणारं माणूस असेल तर ते क्वेस्ट तिथेच अडकलं. हे सगळं सेव्हमध्ये लिहिलं जातं.

दुसरा भाग याहून कडक. ९ वर केलेला सेव्ह ५ वर उघडायला गेलात तर गेम लोड होतानाच बंद पडतो. सेव्ह त्या मोठ्या जाळ्याच्या हिशोबाने लिहिलेला असतो. उलट दिशेने, म्हणजे ५ चा सेव्ह ९ वर, सहज उघडतो. त्यामुळे जाताना रस्ता मोकळा दिसतो आणि परत फिरताना दार बंद असतं. शिवाय ऑटोसेव्हच्या जागा तीनच आहेत. विश्रांती, थांबणं, एखाद्या दारातून आत-बाहेर करणं, एवढ्याने त्या फिरून पुसल्या जातात. आकडा बदलून दहा मिनिटं गावात फिरलात की तिन्ही ऑटोसेव्ह नव्या आकड्याचे झालेले असतात. हाताने केलेला जुना सेव्ह बाजूला नसेल तर जुन्या स्थितीचं काहीच उरत नाही.

'हा धोका जुन्या स्कायरिमचा होता, आता काही होत नाही' असं सांगणारे बरेच भेटतात. ते अर्धंच खरं आहे. नोव्हेंबर २०११ चा मूळ गेम ३२ बिटचा होता, त्याला मेमरी मोजकीच मिळायची आणि जाळं वाढवलं की ती संपून गेम पडायचा. २८ ऑक्टोबर २०१६ ची स्पेशल एडिशन ६४ बिटची आहे, त्यामुळे ती मेमरीची अडचण गेली. वेळेआधी जागे होणारे प्रसंग आणि परत न उघडणारा सेव्ह यांचा मेमरीशी संबंधच नव्हता. ते जसेच्या तसे आहेत.

या ओळीची एक जोडीदार आहे, यूएक्स्टीरियर सेल बफर. तिचा मूळ आकडा ३६. हिशोब असा की जाळ्याच्या आकड्यात एक मिळवा आणि वर्ग करा: ५ ला ३६, ७ ला ६४, ९ ला १००. बऱ्याच याद्यांत फक्त पहिली ओळ बदलायला सांगतात आणि बफर तसाच ठेवतात. मग चालताना सेल सतत टाकून द्यावे आणि परत उचलावे लागतात, आणि पडण्याचं प्रमाण आणखी वाढतं.

आकडा आधीच ९ केला असेल आणि त्यावर सेव्हही केले असतील, तर परत यायचा एक मार्ग आहे. क्रम चुकवू नका.

१. सेव्हच्या फोल्डरची पूर्ण प्रत दुसऱ्या ड्राइव्हवर काढा. एसकेएसई (काही मॉडना, म्हणजे खेळाडूंनी बनवलेल्या जोडांना, लागणारं साधन) वापरत असाल तर प्रत्येक सेव्हच्या दोन फाइल असतात, ईएसएस आणि एसकेएसई. दोन्ही घ्या.

२. आयएनआयमध्ये ९ आणि १०० तसेच ठेवा. स्कायरिमप्रेफ्स या दुसऱ्या आयएनआय फाइलमध्ये बीफुल स्क्रीन ० आणि बीबॉर्डरलेस १ करा, म्हणजे ऑल्ट-टॅबने बाहेर येताना गेम कोलमडणार नाही.

३. गेम सुरू करून सेव्ह उघडा. जमल्यास घराच्या किंवा गुहेच्या आत उघडणारा निवडा.

४. ऑल्ट-टॅब करून बाहेर या, स्कायरिम डॉट आयएनआयमध्ये यूग्रिड्सटूलोड ५ आणि बफर ३६ करा, फाइल सेव्ह करा.

५. गेममध्ये परत जा, एस्केपच्या खालच्या कळीने कन्सोल (आदेश टाइप करायची जागा) उघडा आणि 'रिफ्रेशआयएनआय' हा आदेश रोमन लिपीत, सलग, टाइप करून एंटर दाबा. काही सेकंद गेम गोठल्यासारखा वाटतो. घाई करून बंद करू नका.

६. नव्या जागेत हाताने सेव्ह करा, गेम पूर्ण बंद करा, पुन्हा सुरू करून तोच सेव्ह उघडतो का बघा. उघडला तरच जुने सेव्ह हलवा.

एवढं करून सेव्ह उघडेल. जे प्रसंग वेळेआधी घडून गेले ते मात्र घडून गेलेच. त्यांच्यासाठी आकडा बदलण्याआधीचा सेव्ह हाच उपाय.

आता तुम्हाला मुळात जे हवंय, लांबचं दृश्य, त्यासाठी हा आकडा लागतच नाही. स्पेशल एडिशनमध्ये यूलार्जरेफएलओडीग्रिडसाइझ नावाची वेगळी ओळ आहे, स्कायरिमप्रेफ्सच्या जनरल विभागात (विभाग म्हणजे एका शीर्षकाखालचा ओळींचा गट). मोठ्या वस्तू, म्हणजे खडक, इमारती, भिंती, जाळ्याच्या बाहेरही पूर्ण मॉडेलमध्ये दाखवणं एवढंच तिचं काम. त्या जागचे प्राणी किंवा स्क्रिप्ट ती जागवत नाही. अल्ट्रा प्रीसेटमध्ये, म्हणजे सर्वांत वरच्या तयार सेटिंगमध्ये, ती ११ असते. त्याच फाइलच्या टेरेनमॅनेजर विभागात एफट्रीलोडडिस्टन्स, एफब्लॉकलेव्हल०डिस्टन्स, एफब्लॉकलेव्हल१डिस्टन्स हे अंतराचे आकडे आहेत. हे फक्त दिसण्यापुरते. जास्त झाले तर फ्रेम (दर सेकंदाला दिसणारी चित्रं) उतरतील, परत कमी करा, सेव्हला काही होणार नाही. याहून चांगलं हवं असेल तर डायनडोलॉड हे साधन वापरा. ते लांबची मॉडेलं तुमच्या मॉडच्या यादीप्रमाणे गेमच्या बाहेर नव्याने तयार करतं. त्याला वेळ लागतो, पण काम नीट होतं.

व्हीसिंकचं बघू. स्कायरिमचं भौतिकशास्त्र हॅवॉक इंजिनवर चालतं आणि ते सेकंदाला ६० फ्रेम धरून बांधलेलं आहे. हॅवॉक विभागात एफमॅक्सटाइम ही ओळ ०.०१६७ असते, म्हणजे सेकंदाचा साठावा भाग. व्हीसिंक आणि फ्रेमचं कुलूप काढून १४४ हर्ट्झच्या मॉनिटरवर गेम मोकळा सोडला की ही सांगड सुटते. टेबलावरची ताटं-वाट्या खोलीत शिरताच उडतात. नवीन गेम सुरू केला तर सुरुवातीच्या प्रसंगात हेलगेन गावाकडे जाणारी घोडागाडीच रस्त्यावर उलटीपालटी होते. मग दुसरी यादी सांगते की एफमॅक्सटाइम १४४ ने भागून ०.००६९ करा. ते १४४ फ्रेम न हलता मिळत असतील तोवर ठीक. गावात, धुक्यात, लढाईत फ्रेम ९० वर आल्या की आकडा पुन्हा चुकीचा ठरतो, कारण फाइलमधला आकडा स्थिर आहे आणि फ्रेम स्थिर नाहीत. इथे उडालेल्या वस्तू जिथे पडतात तिथेच सेव्ह होतात. तुम्ही घरात हौसेने मांडलेली पुस्तकं आणि हत्यारं त्यात आली. ६० च्या वर जायचंच असेल तर एसएसई डिस्प्ले ट्वीक्स हा मॉड भौतिकशास्त्राचा टप्पा चालू फ्रेमप्रमाणे बदलत ठेवतो. नाहीतर ग्राफिक्स ड्रायव्हरमध्ये ६० ची मर्यादा घाला आणि आयएनआयला हात लावू नका.

पॅपिरस ही या गेमची स्क्रिप्टची भाषा, आणि तिच्या विभागातले आकडे याद्यांमध्ये सर्वांत बेफिकिरीने फुगवलेले असतात. एफअपडेटबजेटएमएस मूळ १.२ आहे. एका फ्रेममध्ये स्क्रिप्टना किती मिलिसेकंद द्यायचे ते ही ओळ ठरवते. ६० फ्रेमला एक फ्रेम १६.६७ मिलिसेकंदांची. जुन्या याद्यांत इथे ८०० लिहायला सांगितलेलं आढळतं. सोळा मिलिसेकंदांच्या फ्रेममध्ये आठशे मिलिसेकंदांची परवानगी याला अर्थच नाही. स्क्रिप्टची गर्दी झाली की चित्र थांबतं. दुसरी ओळ आयमॅक्सअलोकेटेडमेमरीबाइट्स, मूळ ७६८००, म्हणजे ७५ किलोबाइट. नाव वाचून वाटतं की गेमला मेमरी द्यायची जागा हीच, म्हणून लोक इथे आपली दोन गिगाबाइट रॅम लिहून ठेवतात. ही मेमरी फक्त स्क्रिप्टच्या स्टॅकची आहे. त्यातही २१४७४८३६४८ असा आकडा लिहिला तर आणखी एक घोळ होतो. चिन्हासहित ३२ बिट पूर्णांकात जास्तीत जास्त २१४७४८३६४७ मावतो. एकने जास्त झाला की तो मावत नाही आणि ऋण होऊ शकतो. स्क्रिप्टची चालू अवस्था सेव्हमध्ये जाते, हे वर आलंच आहे. म्हणून या विभागात फुगवाफुगवी नको. एखादा मोठा मॉड स्वतःच्या सूचनांमध्ये नेमका आकडा सांगत असेल तर तेवढाच बदला.

नावाचं पहिलं अक्षर प्रकार सांगतं, हे लक्षात ठेवलं तर अशा चुका निम्म्या होतात. यू म्हणजे ऋण नसलेला पूर्णांक, आय म्हणजे पूर्णांक, एफ म्हणजे दशांश, बी म्हणजे ० किंवा १, एस म्हणजे मजकूर. आयच्या ओळीत दशांश लिहू नका आणि बीच्या ओळीत 'ट्रू' लिहू नका.

आता फाइल लिहिण्यातल्या चुका. इथे गेम पडत नाही, तो काहीच बोलत नाही. बदल केला, फरक दिसला नाही, म्हणून माणूस आकडा आणखी वाढवतो. मग एक दिवस फाइल दुरुस्त होते आणि तो भलामोठा आकडा एकदम लागू होतो. सेटिंगसाठी एक्सएमएल ही कडक नियमांची मांडणी वापरणाऱ्या गेममध्ये, उदाहरणार्थ जीटीए ५ ची सेटिंग्ज फाइल, एक कंस राहिला तरी फाइल वाचता येत नाही, त्यामुळे चूक लपत नाही. आयएनआयमध्ये चुकलेली ओळ नुसती ओलांडली जाते.

स्कायरिम बनवणाऱ्या बेथेस्डाचे गेम आयएनआय वाचायला विंडोजचीच जुनी सोय वापरतात, आणि तिचे नियम ठरलेले आहेत. एकच विभाग फाइलमध्ये दोनदा आला तर पहिला वाचला जातो, दुसऱ्याकडे बघितलं जात नाही. व्हिडिओखालचा मजकूर उचलून फाइलच्या तळाशी चिकटवला की त्याच्यासोबत 'जनरल' हे शीर्षक दुसऱ्यांदा येतं आणि त्याखालचं सगळं वाया जातं. ओळ बरोबर पण विभाग चुकीचा, तरी तेच. अर्धविराम ओळीच्या सुरुवातीला असेल तरच ती टीप धरली जाते. आकड्यानंतर अर्धविराम टाकून लिहिलेली टीप किमतीचाच भाग होते. मजकुराच्या सेटिंगमध्ये हे हमखास घात करतं.

एक चूक डोळ्यांना दिसतच नाही. फाइल यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत बीओएम या अदृश्य खुणेसह सेव्ह झाली तर सुरुवातीला ईएफ, बीबी, बीएफ असे तीन बाइट बसतात. नोटपॅडमध्ये ते दिसत नाहीत. विंडोजची ती जुनी सोय मात्र त्यांना पहिल्या ओळीचा भाग समजते, पहिल्या विभागाचं शीर्षक ओळखू येत नाही आणि तो अख्खा विभाग गायब होतो. विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीआधीच्या नोटपॅडमध्ये यूटीएफ-८ निवडलं की बीओएम लागायचाच. नोटपॅड++ मध्ये एन्कोडिंगच्या मेनूत बघा, तिथे एएनएसआय (विंडोजची जुनी अक्षरपद्धत) किंवा बीओएमशिवायचं यूटीएफ-८ असायला हवं. व्हॉट्सअॅप किंवा वर्डमधून आणलेल्या मजकुरात सरळ अवतरणचिन्हांची वळणदार झालेली असतात, तीही चालत नाहीत.

मराठीत टाइप करणाऱ्यांसाठी इथे दोन खास सापळे आहेत. कळफलक मराठीवर राहिला आणि आकडा देवनागरीत पडला तर संपादकात तो आकडाच दिसतो, पण गेमच्या लेखी तो आकडा नाही. दुसरा सापळा विंडोजच्या खात्याच्या नावात. देवनागरीसाठी विंडोजमध्ये जुन्या पद्धतीचं एएनएसआय कोडपेज मुळातच नाही, आपली लिपी तिथे फक्त युनिकोडने येते. वापरकर्त्याचं फोल्डर देवनागरी नावाचं असेल तर जुनी सोय वापरणाऱ्या गेमला डॉक्युमेंट्सपर्यंतचा मार्गच नीट वाचता येत नाही. मग आयएनआय सापडत नाही, कधी सेव्हही होत नाही. खात्याचं दाखवायचं नाव बदलल्याने फोल्डरचं नाव बदलत नाही, म्हणून गेमसाठी रोमन नावाचं नवं खातं काढणं हाच सोपा मार्ग.

त्याआधी आपण बदलतोय ती फाइल गेम वाचतोय तरी का, हे तपासा. मूळ जागा म्हणजे डॉक्युमेंट्स, त्यात माय गेम्स, त्यात स्कायरिम स्पेशल एडिशन. तिथे स्कायरिम आणि स्कायरिमप्रेफ्स या दोन आयएनआय असतात. स्कायरिमकस्टम तुम्ही स्वतः बनवू शकता. मूळ स्कायरिम फाइलवर तिचं चालतं, पण प्रेफ्समध्ये लिहिलेली ओळ तिला बदलता येत नाही. मॉड ऑर्गनायझर २ मधून गेम चालवत असाल आणि प्रोफाइलसाठी वेगळ्या आयएनआयची खूण लावलेली असेल, तर डॉक्युमेंट्समधल्या फाइलला कोणी विचारत नाही. खऱ्या फाइल त्या प्रोफाइलच्या फोल्डरात असतात. वनड्राइव्ह चालू असेल तर डॉक्युमेंट्स हे फोल्डरच वनड्राइव्हच्या आत गेलेलं असू शकतं, आणि दोन संगणक असतील तर दुसऱ्यावरची जुनी फाइल इथे येऊन बसते. विंडोज डिफेंडरचा 'कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस' चालू केलेला असेल तर गेमला डॉक्युमेंट्समध्ये लिहायलाच मिळत नाही. आणि अगदी साधी गोष्ट: एक्सप्लोररमध्ये फाइलचं शेपूट दाखवायचा पर्याय चालू करा. नाहीतर 'स्कायरिमकस्टम डॉट आयएनआय डॉट टीएक्सटी' अशी फाइल बनते आणि डोळ्यांना ती बरोबर दिसत राहते. किंमत खरंच लागू झाली का ते कन्सोलमध्ये 'गेटआयएनआय' आदेशाने कळतं. त्यापुढे अवतरणात नाव, कोलन, विभाग असं द्यायचं.

फाइल रीड-ओन्ली करा हा सल्ला सरसकट देतात. त्यामागचं कारण खरं आहे, कारण लाँचरमध्ये (गेमच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगच्या खिडकीत) प्रीसेट बदलला की तो प्रेफ्समधल्या ओळी पुन्हा लिहितो. पण रीड-ओन्ली केल्यावर गेममधून बदललेला आवाज, माउस, सबटायटल यांतलं काहीच टिकत नाही. सहा महिन्यांनी ती खूण आपण केली होती हे विसरायला होतं आणि मग गेम सेटिंग लक्षात ठेवत नाही म्हणून शोधाशोध सुरू होते. त्यापेक्षा लाँचरला हात न लावणं बरं.

बदल करायचाच असेल तर गेम बंद असताना दोन्ही आयएनआय आणि सेव्हचं फोल्डर यांची प्रत तारखेच्या नावाने वेगळी ठेवा. एका वेळी एकच ओळ बदला. गेम सुरू करा, घराबाहेर वीसेक मिनिटं चाला, गावात शिरा, एकदा लढा. मगच पुढची ओळ. दहा ओळी एकदम चिकटवल्या की कुठलीने बिघडवलं ते सापडत नाही. दोन फाइलमधला फरक बघायला विनमर्ज वापरा, किंवा कमांड प्रॉम्प्टमधला 'एफसी' हा आदेश, तो विंडोजमध्ये असतोच. हाताने नकोच वाटत असेल तर बेथआयएनआय हे साधन योग्य विभागात योग्य प्रकारची किंमत लिहितं आणि आधीच्या फाइलची प्रतही ठेवतं.

सगळंच गोंधळलं तर दोन्ही आयएनआय दुसरीकडे हलवा आणि लाँचर एकदा चालवा. तो हार्डवेअर बघून नव्या फाइल बनवतो. इथे एक गैरसमज फार वेळ खातो: स्टीममधलं 'फाइल तपासा' किंवा गेम काढून परत टाकणं याने हे दुरुस्त होत नाही. स्टीम फक्त गेमच्या स्वतःच्या फोल्डरातल्या फाइल तपासतं. डॉक्युमेंट्समधल्या आयएनआय आणि सेव्ह तो काढतही नाही, बदलतही नाही. मोठा डाउनलोड पुन्हा करून जुना आकडा तिथेच बसलेला असतो.

हे सगळं एकट्याने खेळायच्या गेमबद्दल झालं. हीच सवय ऑनलाइन गेममध्ये नेऊ नका, तिथे सेव्ह नव्हे, खातंच जातं. बीजीएमआय या मोबाइलवरच्या ऑनलाइन नेमबाजीच्या गेमसाठी '९० एफपीएस कॉन्फिग' नावाने फिरणाऱ्या झिप हे त्याचं जवळचं उदाहरण. त्यात यूजरकस्टम नावाची आयएनआय असते आणि तिच्यातल्या ओळी साध्या वाचता येत नाहीत, हेक्स अक्षरांत झाकलेल्या असतात. म्हणजे आपण नेमकं काय बदलतोय हे लावणाऱ्यालाही कळत नाही. फ्रेमसोबत गवत किंवा सावली काढून टाकणारी ओळ त्यात असेल तर ती इतर खेळाडूंवर मिळवलेला गैरफायदा ठरते आणि खातं बंद होऊ शकतं. शिवाय अँड्रॉइड ११ पासून गेमच्या डेटा फोल्डरात साध्या ॲपला शिरता येत नाही, म्हणून या झिपसोबत आधी जास्तीच्या परवानग्या मागणारं एखादं ॲप टाकायला सांगतात. त्या परवानग्या एका गेमपुरत्या राहत नाहीत. ज्या फोनवर यूपीआय आणि बँकेचं ॲप आहे त्या फोनवर असं ॲप टाकू नका. आधीच टाकलं असेल तर आज ते काढा, सेटिंगमध्ये जाऊन ॲक्सेसिबिलिटी आणि डिव्हाइस ॲडमिनच्या यादीत अनोळखी नाव उरलंय का ते बघा, आणि गेम अधिकृत दुकानातून नव्याने घ्या.